किडनी देण्याआधी किडनी मोजा

बदलापूर आणि आजूबाजूच्या गावांतल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या आम्ही समन्वयक. एरवी या वेळेला आम्ही तुमच्याशी कर्जाचे हप्ते, बँकेचे कागद, मसाल्याचं पॅकिंग असलं बोलतो. आजचा विषय दवाखान्याचा आहे, पण तो आमच्याकडे आला गटाच्या बैठकीतूनच.

पावसाळ्याच्या तोंडावरची बैठक होती. वसुली झाली, सह्या झाल्या आणि आमच्यातली एक ताई म्हणाली, मला वीस हजार कर्ज पाहिजे. गटात कारण विचारायची पद्धत आहे, म्हणून विचारलं. ती म्हणाली, "ह्यांना किडनी द्यायचीय. तपासण्यांना आणि जाण्यायेण्याला लागतील." नवरा अंबरनाथला कारखान्यात कंत्राटावर होता. दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू, काम सुटलेलं. हे आम्हाला माहीत होतं. ताईने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. जवळच्याच एका लॅबचा रिपोर्ट. क्रिएटिनिन ०.९, आणि शेजारी छापलेली नॉर्मलची मर्यादा. "घरात सगळे म्हणतात हिची किडनी एकदम चांगली आहे. हीच देईल."

आम्ही विचारलं, घरात आणखी कोणाची तपासणी झाली? ताई आमच्याकडे बघतच राहिली. "आणखी कोणाची कशाला?"

कर्ज त्याच बैठकीत मंजूर झालं. तिच्यासोबत मुंबईला दोघींनी जायचं, हेही ठरलं. पुढच्या चार महिन्यांत आम्ही जे पाहिलं, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजून घेतलं, ते आज सांगतो. कारण त्या एका कागदावर आमच्यातल्या कितीतरी जणींनी विश्वास ठेवला असता. आम्हीही ठेवला होता.

आधी क्रिएटिनिन म्हणजे काय ते पाहू. आपले स्नायू रोज काम करतात, त्यातून रोज थोडा कचरा तयार होतो. तो कचरा म्हणजे क्रिएटिनिन. किडनी रक्त गाळते आणि हा कचरा लघवीतून बाहेर टाकते. झाडणारी मंद झाली की अंगणात ढीग साचतो, तसं किडनी मंदावली की रक्तात क्रिएटिनिन वाढतं. म्हणून ढीग बघून झाडणारीचा अंदाज घ्यायचा, एवढीच ही तपासणी. पण ज्या घरात मुळात कचराच कमी होतो, तिथे झाडणारी मंद असली तरी ढीग दिसणार नाही. आपल्यातल्या कितीतरी बायका बारीक अंगाच्या, स्नायू कमी. त्यांच्यात क्रिएटिनिन कमीच तयार होतं. त्यामुळे आकडा 'नॉर्मल' दिसतो आणि किडनीचं काम मात्र बरंच उतरलेलं असू शकतं. दुसरी गोष्ट, किडनीचं काम जवळजवळ निम्मं होईपर्यंत हा आकडा मर्यादेच्या आत राहू शकतो.

म्हणून डॉक्टर नुसत्या क्रिएटिनिनवर थांबत नाहीत. त्यात वय घालतात, बाई की पुरुष ते घालतात आणि सूत्राने काढतात की दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळून साफ करतात. याला जीएफआर म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, फाईलवर तेच शोधायचं. आता गंमत बघा. पंचवीस वर्षांच्या तरुणाचं क्रिएटिनिन ०.९ असेल तर सूत्राने त्याचा जीएफआर १२०च्या आसपास येतो. आमच्या ताईचं वय ४४. तिचंही क्रिएटिनिन ०.९, पण जीएफआर येतो ८०च्या आसपास. पन्नाशीच्या बाईचा ७८. कागदावर तिघांसमोर 'नॉर्मल'च छापलेलं.

८० म्हणजे आजार, असं नाही. वयाप्रमाणे जीएफआर उतरतोच. आपल्या देशातल्या निरोगी माणसांचा मोजलेला जीएफआर परदेशी पुस्तकातल्या आकड्यापेक्षा जरा कमी येतो, असंही डॉक्टरांनी सांगितलं. पण ८० असताना एक किडनी काढायची का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर सूत्राने मिळत नाही. तिथे प्रत्यक्ष मोजावं लागतं.

किडनी देणाऱ्यांच्या तपासणीसाठी २०१७ साली जगभरच्या किडनीतज्ज्ञांनी सूचना काढल्या. त्यांत साधारण असं म्हटलंय: जीएफआर ९० किंवा वर असेल तर या बाजूने अडचण नाही. ६०च्या खाली असेल तर द्यायची नाही. मधल्या आकड्यांत वय, बीपी, साखर, वजन, घराण्यातले आजार सगळं बघून ठरवायचं. साठीच्या बाईला ८० पुरेसा असू शकतो, पण पंचवीस वर्षांच्या मुलीला तोच ८० पुरणार नाही. कारण तिला उरलेल्या एका किडनीवर आणखी पन्नास वर्षं काढायची आहेत. ती किडनी कमी पडली तर पुढे त्याच मुलीला डायलिसिसवर बसावं लागेल. म्हणजे तपासणी आज रुग्णाला किडनी मिळावी म्हणून होत असली, तरी तिचा हिशोब देणारीच्या म्हातारपणाचा असतो.

एक काढल्यावर काय होतं? दोन्ही मिळून १०० असेल तर लगेच साधारण ५० उरतो. मग राहिलेली किडनी जास्त काम उचलते, आकारानेही थोडी वाढते आणि काही आठवड्या-महिन्यांत आकडा ६५-७०पर्यंत चढतो. त्यावर माणूस शेतात, कंपनीत, घरात सगळं काम करू शकतो. हे आम्ही मुद्दाम सांगतोय. आजची गोष्ट ऐकून कोणी म्हणू नये, की बचत गटवाल्या किडनी देऊ नका म्हणतात. नीट मोजून, निरोगी माणसाने दिलेली किडनी घरातला माणूस डायलिसिसच्या खुर्चीवरून उठवते, हे आमच्या डोळ्यांसमोर झालंय.

आता मोजायचं कसं. पहिली पद्धत चोवीस तासांच्या लघवीची. ऐकायला सोपी, करायला आपल्या बायांना सगळ्यात अवघड. मोठा कॅन देतात. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची, एकूण एक वेळची लघवी कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच वेळेला होणारी लघवीही त्यातच, आणि मग कॅन बंद. एक वेळची जरी सुटली तरी हिशोब चुकतो. कमी गोळा झाली तर किडनी मंद वाटते. चोवीस तासांपेक्षा जास्त वेळची आली तर किडनी आहे त्याहून चांगली दिसते, आणि हे जास्त धोक्याचं.

ताईने पहिला कॅन भरला आणि आम्ही तो काळ्या पिशवीत घालून सकाळच्या लोकलने नेला. लेडीज डब्यात पिशवी पायाशी धरून दादरपर्यंत उभ्या. तिथे लॅबमध्ये सांगितलं, पुन्हा करा. कसं ओळखलं? तर लघवीत दिवसभरात पडणाऱ्या क्रिएटिनिनचाही अंदाज असतो. बाईच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण १५ ते २० मिलिग्रॅम. ताई बावन्न किलोची, म्हणजे निदान पावणेआठशे तरी यायला हवं होतं. आलं ५२०. ताई आधी ठाम होती, सगळी धरली म्हणून. मग परतीच्या गाडीत हळूच म्हणाली, संध्याकाळी सासरे पडवीत बसले होते, त्यांच्यासमोरून कॅन घेऊन जायची लाज वाटली. दोन वेळा तशीच जाऊन आले.

यात तिची चूक काय काढायची? संडास घराबाहेर, कॅन पाच लिटरचा, घरात माणसं. दुसऱ्या वेळी तिने तो कॅन आमच्यातल्या एकीच्या घरी ठेवला आणि दिवसभर तिथेच मसाला कुटायला बसली. तुमच्या गावात कोणावर ही वेळ आली तर एवढी मदत गटाने जरूर करावी. लागत काही नाही, एक मोरी लागते. तपासणीच्या आदल्या दिवशी मटणाचं जेवण आणि ओढून केलेली अंगमेहनत टाळायला सांगतात, कारण त्याने क्रिएटिनिन तेवढ्यापुरतं वाढतं. पाळीच्या दिवसांत लघवीची तपासणी करायची नाही. हे आम्हाला कोणी आपणहून सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारून घ्या.

दुसरा कॅन पूर्ण भरला, आणि त्यातच खरी गोष्ट कळली. लघवीत अल्ब्युमिन जात होतं. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन. चाळणी धड असेल तर ते पलीकडे जात नाही. चोवीस तासांत ३०पेक्षा कमी मिलिग्रॅम हवं आणि १००च्या वर गेलं तर सहसा किडनी घेत नाहीत. ताईचं आलं १८०. परत तपासलं, परत तसंच. मग बीपी बघितलं, १५०/९६. तेही तीन वेगवेगळ्या दिवशी. दोन बाळंतपणं झाली, त्यानंतर चौदा वर्षांत कोणी तिच्या दंडाला पट्टा बांधला नव्हता. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, तुम्ही देऊ शकत नाही. तुमच्याच किडन्या सांभाळायची वेळ आली आहे.

आम्हाला वाटलं, ताईला सुटल्यासारखं वाटेल. तर ती रुग्णालयाच्या जिन्यात बसून रडली. "आता घरी काय सांगू? म्हणतील, द्यायची नाही म्हणून नाटक केलं."

आणि तसंच म्हटलं गेलं. नंदेने फोनवर म्हटलं. शेजारच्या काकी म्हणाल्या, 'लॅबवाल्याने नॉर्मल लिहून दिलंय की.' त्या वेळी आम्हाला त्या ०.९च्या कागदाचा जेवढा राग आला, तेवढा कशाचाच आला नाही. कागद खोटा नव्हता. पण त्याला जेवढं कळत होतं त्यापेक्षा जास्त आम्ही सगळ्यांनी त्याच्यात वाचलं होतं.

इथे कायद्याचं थोडं सांगतो, कारण ते आपल्या बाजूचं आहे. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४चा, २०११मध्ये सुधारला आणि २०१४मध्ये त्याचे नवे नियम आले. जवळचे नातेवाईक म्हणून नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं देऊ शकतात. बाकी कोणी द्यायची असेल तर सरकारने नेमलेल्या समितीची परवानगी लागते. २०१४च्या नियमांत एक ओळ खास बायकांसाठी आहे. देणारी बाई असेल तर जास्त काळजी घ्यायची, आणि तिची ओळख आणि तिची स्वतःची संमती रुग्ण सोडून दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घ्यायची. ही ओळ उगाच आलेली नाही. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेच्या नोंदीप्रमाणे १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० प्रत्यारोपणं झाली. त्यांतली २९ हजारांहून जास्त पुरुषांना आणि ६,९४५ बायकांना. आणि जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायकाच कितीतरी जास्त. आई देते, बायको देते. प्रेमाने देतात, त्याबद्दल आम्हाला शंका नाही. पण ताईच्या घरात रुग्णाचे दोन सख्खे भाऊ होते आणि तपासणीला कोणाचं नावच निघालं नव्हतं, हेही खरं.

म्हणून डॉक्टरांना एकटीने भेटायला मागा. नवरा, सासू, भाऊ बाहेर थांबू देत. तिथे मनातलं बोलता येतं. नको असेल तर शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत कधीही नाही म्हणता येतं. आणि डॉक्टर घरच्यांना एवढंच सांगू शकतात की, वैद्यकीयदृष्ट्या या योग्य नाहीत. कारण सांगायची गरज नसते. ताईच्या बाबतीत हे आम्हाला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. आम्ही भोळेपणाने सगळे आकडे घरी सांगून बसलो आणि मग सहा महिने त्यावर चर्चा.

तरुण मुलींसाठी एक गोष्ट. लग्न, बाळंतपण व्हायचं असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. कॅनडात झालेल्या एका अभ्यासात, जो २०१५ साली छापून आला, किडनी दिलेल्या बायकांच्या गरोदरपणात बीपी वाढण्याचा त्रास शंभरात ११ जणींना झाला. तशाच निरोगी, पण न दिलेल्या बायकांमध्ये ५ जणींना. बहुतेकींचं सगळं नीट पार पडलं, पण ही माहिती आधी मिळायला हवी. आणि पुढे जाऊन स्वतःलाच डायलिसिस लागण्याचा धोका? अमेरिकेत हजारो दात्यांचा हिशोब केला, तेव्हा आयुष्यभरात दहा हजारांत ९० असा अंदाज निघाला. तितक्याच निरोगी, न दिलेल्या माणसांमध्ये १४. धोका लहान आहे, पण आहे. ज्याला तो सांगितला गेला नाही त्याची संमती अर्धीच.

पैशासाठी किडनी, हा विषय आम्ही थोडक्यातच घेतो. मायक्रोफायनान्सचे हप्ते थकलेल्या बाईला असा माणूस भेटू शकतो, म्हणून सांगावं लागतं. २०२२ साली पुण्यात गुन्हा दाखल झाला, त्यात कोल्हापूरच्या एका बाईला १५ लाख देतो सांगून रुग्णाची बायको म्हणून उभं केल्याची तक्रार होती. पैसे मिळाले नाहीत म्हणून तिने तोंड उघडलं. या व्यवहाराला कायद्यात पाच ते दहा वर्षं कैद आणि २० लाख ते एक कोटी दंड आहे. दलालाला तुमचा रक्तगट जुळल्याशी काम. तुमचं बीपी, लघवी, जीएफआर याची त्याला काय पडली आहे?

ताईच्या घरी पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. दोन महिने अबोला होता. मग गटाच्या तिघी-चौघींनी ताईच्या मोठ्या दिरांना गाठलं. भांडायला नाही गेलो. एवढंच म्हटलं, "भाऊजी, तुम्ही सख्खे भाऊ आहात, तुमचा रक्तगट कोणता?" रक्तगट जुळत होता. ते गप्पच बसले. आठवड्याने त्यांची बायको आमच्याकडे आली, म्हणाली, तपासणीला जातील, पण त्यांना त्या कॅनबद्दल कोण सांगणार? शेवटी ताईनेच सांगितलं.

त्यांच्यामुळे आम्हाला दुसरी पद्धतही कळली, डीटीपीए स्कॅन. हातावर सुई देऊन किरणोत्सारी औषध अगदी थोडं सोडतात. ते किडनीतून गाळलं जातं आणि कॅमेऱ्याखाली पडून राहायचं, अर्धा-पाऊण तास. त्याआधी भरपूर पाणी पाजतात. गरोदर बाईला हे करत नाहीत, अंगावर पाजणारीने आधी सांगायचं. या स्कॅनचा मोठा फायदा म्हणजे प्रत्येक किडनी वेगळी मोजली जाते. भाऊजींचा एकूण आकडा ९६ आला, डावी ४७ आणि उजवी ४९. जवळजवळ सारख्या. एक बरीच चांगली आणि दुसरी कमी निघाली असती, तर चांगली देणाऱ्याकडेच ठेवतात आणि कमी काम करणारी काढतात. हे ऐकून भाऊजींच्या बायकोचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. त्यानंतर सीटी अँजिओग्राफी झाली, किडनीला जाणाऱ्या रक्तवाहिन्या किती आणि कुठे, खडा आहे का, हे बघायला. साखरेची तपासणी, छातीचा एक्स-रे, कावीळ आणि एचआयव्हीची तपासणी, मानसोपचार तज्ज्ञांची भेट, सगळं झालं. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपण बसतं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, शेवटी नाही. आणि फाईलची झेरॉक्स देणाऱ्याच्या नावाने वेगळी ठेवा. रुग्णाच्या फाईलमध्ये ती हरवते.

किडनी दिली गेली. दोघे भाऊ बरे आहेत. भाऊजींचं क्रिएटिनिन आता १.३ असतं आणि ते ठीक आहे, कारण एका किडनीचा हिशोब वेगळा. वर्षातून एकदा बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासायला त्यांना सांगितलंय. गुडघा दुखला की मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची त्यांची सवय मात्र सुटता सुटत नाही. त्यावर घरात रोज वाद होतो, आणि या वादात आम्ही पूर्णपणे वहिनींच्या बाजूने आहोत.

ताई बीपीची गोळी घेते. जेवणात मीठ कमी केलंय, लोणचं बंद. मागच्या वेळी अल्ब्युमिन १८०वरून ७०वर आलं होतं. वीस हजारांतले सहा हजार राहिलेत. गेल्या बैठकीत हप्ता देताना तिने दुसरं एक सुचवलं, गटातल्या चाळिशीवरच्या सगळ्यांचं बीपी आणि लघवी वर्षातून एकदा तपासून घ्यायची, उपकेंद्रात. पहिली तारीख पुढच्या मंगळवारची आहे. सकाळी नऊला. येताना आधार कार्ड आणा, आणि कोणाची पाळी चालू असेल तर नंतरच्या मंगळवारी या.